दर्यात नसलेला रंग

बाबांनी निळ्या रंगाचा डबा पडवीत आणून ठेवला आणि टर्पेंटाइन ओतायला वाटी मागितली. मी वाटी दिली नाही. उलट जाऊन त्या डब्यावर बसले. एकोणीस वर्षांची घोडी झालेली मुलगी डब्यावर ठाण मांडून बसलेली बघून ते आधी हसले, मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले.

“ऊठ गो जयू,” ते म्हणाले. “नारळी पुनवेक आठ दिस रवले.”

“औंदा आपल्या होडयेक निळो लावचो नाय.”

आत चुलीपुढे आई सुकट भाजत होती. तिचा हात थांबला. आमच्या घरात होडीबद्दल बायकांनी बोलायचं नाही असा काही नियम नव्हता, फक्त आजवर कोणी बोललं नव्हतं.

आमची खडपवाडी म्हणजे सात होड्यांचं बंदर. प्रत्येक होडीला देवाचं नाव होतं, पण ते पूजेपुरतं. एरवी होडी ओळखली जायची ती रंगावरून. मेथरांची पिवळी, सारंगांची तांबडी, धुरींची हिरवी, पराडकरांची पांढरी, खवळ्यांची केशरी आणि टिकमांची काळी. रंग घराण्याचा असायचा आणि दुसऱ्याचा रंग कोणी घेत नसे. संध्याकाळी होड्या परतायच्या वेळी बायका खाडीच्या तोंडावरच्या मोठ्या खडपावर, म्हणजे खडकावर, टोपल्या घेऊन उभ्या राहत. जिला पहिल्यांदा होडी दिसेल ती ओरडायची, “पिवळी इली” किंवा “तांबडी इली”. मग त्या घरची बाई टोपली उचलून खाली वाळूवर जायची. इतर वाड्यांवर घड्याळ असेल, आमच्याकडे संध्याकाळ अशी मोजली जायची.

आमची होडी निळी. माझ्या आजोबांपासून निळी. दर्याच्या लेकराने दर्याचाच रंग ल्यावा, असं आजोबा म्हणायचे आणि बाबा ते वाक्य मंत्रासारखं जपायचे.

त्या आधीच्या फाल्गुनात भर दुपारी आमच्या होडीचं मशीन बंद पडलं. बाबा एकटे होते, दोन्ही खलाशी लग्नाला गेलेले. वारा जमिनीकडून होता, होडी बाहेर वाहत गेली. आमच्याच बंदरातल्या दोन होड्या शोधायला गेल्या आणि हात हलवत परत आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी कुठल्या तरी परक्या बंदराची होडी बाबांच्या होडीवर आपटता आपटता वाचली, म्हणून ते सापडले. घरी आले, पेज प्यायले आणि झोपले. त्या दिवस-रात्रीबद्दल त्यांनी नंतर एक अक्षर काढलं नाही. सगळ्या वाडीने मशीनला शिव्या घातल्या, मशीन दुरुस्त झालं, विषय मिटला. माझ्या डोक्यात मात्र एकच किडा वळवळत राहिला. शोधायला गेलेल्या होड्या आंधळ्या नव्हत्या. निळ्या पाण्यावर निळी होडी त्यांना दिसली नव्हती.

हे मी डब्यावर बसूनच बाबांना सांगितलं. ते चिडले नाहीत, हेच मला जास्त लागलं. त्यांनी विडी पेटवली आणि लहान मुलीची समजूत घालावी तसं विचारलं की मग लावायचा कोणता रंग, सगळे तर लोकांचे आहेत.  मी भांडायची तयारी करून आले होते, रंगाची नव्हे. माझी अडचण ओळखून ते मिश्किल हसले.

“जो रंग दर्यात गावणा नाय आणि बंदरात कोणाचो नाय, असो रंग हाड,” ते म्हणाले. “मिया लावतलंय. पुनवेच्या दोन दिस आदी हाडलंस नाय, तर निळो.”

“शब्द?”

“शब्द.”

त्यांना वाटलं, पोरगी गप्प झाली. पण तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, दिलेला शब्द म्हणजे शब्द. तो फिरवला तर खलाशी होडीत पाय ठेवत नाहीत, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी डब्यावरून उठले ती थेट आत्माकाकांकडे पळाले.

आत्माकाका पावसाळ्यात होड्या रंगवायचे आणि दिवाळी झाली की दशावतारात राण्या व्हायचे. सहा फूट उंच, हाताला तेलरंगाचे डाग, आणि तरी रंगमंचावर लुगडं नेसून उभे राहिले की पुढे बसलेल्या बायका आपापला पदर सावरायच्या. बंदरातल्या सगळ्या होड्या त्यांच्याच हातच्या. मी गेले तेव्हा ते सोंगांची पेटी उघडून कपड्यांना उदबत्तीचा धूर देत होते, कारण श्रावणात जरीला बुरशी येते. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी रंगाचा विषयच काढला नाही. मला विचारलं की आम्ही तोंडाला एवढा रंग का फासतो, सांग.

मी म्हटलं, सुंदर दिसायला.

“सुंदर दिसाचा तर पुढच्या वळीतल्या माणसाक,” ते म्हणाले. “तेका सगळाच दिसता. रंग लावचो तो सगळ्यात फाटी बसलेल्यासाठी. तुझ्या होडयेच्या सगळ्यात फाटी कोण आसा, तेचो इचार कर आणि मगे रंग शोध.”

मी म्हटलं, खडपावरच्या बायका. ते म्हणाले, मग त्यांच्या डोळ्यांनी बघ.

मी बघायला लागले. सगळा जन्म त्या वाडीत काढला होता, पण पुढचे तीन दिवस मी जे बघितलं ते पहिल्यांदाच बघितलं असं वाटतं. आईचं सूप उचललं आणि जे रंगीत दिसेल ते त्यात टाकत सुटले. केळफुलाचं बाहेरचं पातं, जे वांग्याहून जांभळं आणि आतून लालसर असतं. बरणीतलं आमसूल. कुर्लीचा नांगा, ज्याच्या टोकाला निळा आणि मुळाशी शेंदरी असे दोन रंग भांडत असतात. अळूचा देठ. मोराचं पीस, जे देवघरातून उचलल्याबद्दल मी रात्री देवाची माफी मागितली. अबोलीचा गजरा मेथरांच्या काशीबायच्या डोक्यातून मागून घेतला, आणि ती मला वेड लागलं म्हणून दिवसभर सांगत फिरली. भातखाचरातला कोवळा पोपटी मुठीत उपटून आणला. देवळाच्या भिंतीवरच्या चित्रात रावणाचं उपरणं कोणत्या रंगाचं आहे, हे बघायला पुजाऱ्याला दार उघडायला लावलं. रावणाचं उपरणं मोरपंखी निघालं. मला एवढा आनंद झाला की पुजारी घाबरला.

घरी आईने सूप बघितलं. तांदूळ पाखडायचं सूप, आणि त्यात कुर्लीचा नांगा. मला वाटलं, आता पाठीत बसणार. पण तिने एकेक वस्तू उचलून दाराकडे नेली, उजेडात धरली, डोळे बारीक करून बघितली आणि परत ठेवली. शिव्या दिल्या त्या फक्त नांग्याच्या वासाबद्दल.

चौथ्या दिवशी आत्माकाकांनी एका मोडक्या होडीच्या फळ्या दिल्या. आम्ही त्यांवर सुपातले रंग जमतील तसे उतरवले. डबे पुरेसे नव्हते, म्हणून उरल्यासुरल्या रंगांची भेसळ करून. जांभळा, आमसुली, मोरपंखी, पोपटी, अबोली. फळ्या एका दोरीला बांधल्या, दोरीच्या दोन्ही टोकांना दगड बांधले आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यावर सोडल्या. मग आम्ही दोघं धापा टाकत वरच्या सड्याच्या कड्यावर चढलो. सडा म्हणजे बंदराच्या डोक्यावरचं सपाट कातळाचं माळरान. तिथून पाणी पूर्ण दिसतं, आणि पावसाळी दुपारी माणूस गारठतोही पूर्ण.

मोरपंखी सगळ्यात आधी गेला. फळी सोडली होती की नव्हती अशी शंका यावी इतक्या झपाट्याने. रावणावरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला. पोपटी शेवाळात मिसळला. आमसुली ओल्या खडकाला चिकटला तो शेवटपर्यंत सुटला नाही. जांभळा जवळून राजेशाही होता, वरून नुसती एखाद्या ढगाची सावली. अबोलीने थोडा दम धरला, मग ऊन निघालं आणि ती फेसासारखी दिसायला लागली. पाचही रंग पाण्याने खाल्ले. मी एकेक नाव घेत होते आणि आत्माकाका नुसते “गेलो” म्हणत होते.

मला रडू आलं. लपवायला मी समुद्राकडे पाठ केली.

आणि सडा समोर आला. आठ दिवसांपूर्वी ज्या काळ्या कातळावर काही नव्हतं तिथे तेरडा फुलला होता, नजर पोचेल तिथपर्यंत. वरून पाऊस बारीक पडत होता, समोरची वाडी धुक्यात पुसून गेली होती, झाडं राखाडी झाली होती, आणि त्या सगळ्या पुसटपणातून तो गुलाबी मात्र अंगावर येत होता. फिका नव्हे, निळसर झाक असलेला तापट गुलाबी. तीन तास मी समुद्राकडे डोळे फाडून बघत होते आणि रंग माझ्या पाठीमागे उभा होता.

मी आत्माकाकांचा हात धरून त्यांना वळवलं.  मग त्यांनी विचारलं की हा रंग तू दर्यात कधी बघितलायस का. मी मनातल्या मनात सगळं वर्ष फिरून आले. श्रावणात पाणी गढूळ हिरवं. कार्तिकात खोल निळं. पौषात सकाळी ताकासारखं पांढरट. चैत्रात दुपारी डोळे दिपवणारं. संध्याकाळी पिवळं, केशरी, तांबडं, कधी फिकट गुलाबी, पण हा नाही. हा कधीच नाही. बंदरात तर कोणाचाच नाही. मी इतक्या जोरात उडी मारली की चिखलात बसले.

तेरड्याची फुलं ओच्यात भरून मी घरी आले. तालुक्याच्या दुकानात जाऊन तसा तेलरंग मागितला, तर दुकानदाराने विचारलं की घरात बाळंतपण आहे का, पाळणा रंगवायचाय का. असा रंग नव्हता. पांढरा मिळाला, तो घेतला. आत्माकाकांकडे सारंगांच्या होडीचा उरलेला तांबडा होता. पांढऱ्यात तांबडा घातला तर गाजराच्या हलव्यासारखं काहीतरी झालं. निळसर झाक हवी म्हणून मी घरून आणलेला बाबांचा डबा उघडला आणि त्यातला निळा पळीभर ओतला. ढवळलं. चिखल झाला. अगदी खाडीच्या तळाचा असतो तसा, आणि तोही अर्धी बादली.

माझी मान खाली गेलेली बघून आत्माकाका हसले. होडीवाल्यांचा तांबडा म्हणजे शेंदराच्या जातीचा, ते म्हणाले, त्यात ऊन असतं. उन्हात निळा घातला की माती होते. त्याला डाळिंबाच्या जातीचा तांबडा लागतो. ते घरात गेले आणि नाटकाच्या पडद्याचा अर्धा डबा घेऊन आले. पडद्यावरचा राजवाडा त्यांनी त्यातून रंगवला होता. औंदा राजवाडा विटलेला राहील, ते म्हणाले, राजा काही तक्रार करायचा नाही.

पांढरा, त्यात डाळिंबी आणि त्यात बाबांच्या डब्यातला निळा. या वेळी पळीभर नाही, चमच्याने. एक चमचा, ढवळ. दुसरा, ढवळ. तिसऱ्या चमच्याला बादलीतला रंग वळला आणि ओच्यातली फुलं बादलीत पडल्यासारखं झालं. मी आणि तो सहा फुटी माणूस, दोघं बादलीकडे बघत उकिडवे बसून वेड्यासारखे हसत होतो. आत्माकाकांनी फळी रंगवली आणि खालच्या अंगाला डांबराची काळी पट्टी ओढली. भुवया काळ्या केल्याशिवाय तोंडावरचा रंग उठत नाही, हे त्यांचं शास्त्र.

फळी पाण्यावर सोडली. सड्यावरून बघितली. पाऊस आला, फळी दिसली. पाऊस गेला, ऊन आलं, फळी दिसली. संध्याकाळी पाणी पितळेसारखं झालं, तरीही ती तशीच उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पुनवेच्या बरोबर दोन दिवस आधी, मी फळी बाबांपुढे ठेवली. त्यांनी फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा फळीकडे.

“तेरड्याचो रंग तीन दिस,” ते म्हणाले.

मी म्हटलं, तेलरंग आहे, तीन हात दिले की वर्ष निघेल. ते म्हणाले, बंदरात आपलं हसू होईल. मी म्हटलं, होऊ दे. ते म्हणाले, तांडेलाची होडी आहे, नवरीची पालखी नव्हे. मी म्हटलं की तुम्ही दोन अटी घातल्या होत्या, हा रंग दर्यात आहे का सांगा. नाही म्हणाले. बंदरात कोणाचा आहे का सांगा. नाही म्हणाले. मग म्हटलं, यात आजोबांचा निळाही आहे, तीन चमचे, त्याच्याशिवाय हा रंग जमतच नव्हता, आत्माकाकांना विचारा.

ते फळी उचलून उभे राहिले. बराच वेळ ती फिरवत होते. मला वाटलं, आता फेकणार.

“दोन होडयो गेल्यो,” ते म्हणाले. मला क्षणभर कळलं नाही की ते कशाबद्दल बोलताहेत. “पयली तर इतक्या जवळसून गेली की सारंगांच्या बाबल्याच्या डोक्यारचो टॉवेल माका दिसा होतो. माका ते दिसत होते, तेंका मिया दिसलंय नाय. मिया उभो रवलंय, अंगातलो शर्ट काढलंय नि हलवलंय.” त्यांनी फळी उलटी केली. “शर्ट पण निळोच होतो.”

मला हसावं की रडावं कळेना. आत चुलीपुढे काहीच आवाज नव्हता. बाबांनी फळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आत्म्याला बोलाव.

दोन दिवसांत होडी रंगली. पहिला हात सुकतो न सुकतो तोच बातमी वाडीभर झाली आणि जो तो काही ना काही निमित्ताने वाळूवरून जायला लागला. खवळ्यांचा म्हातारा काठी टेकत आला आणि लग्न कधीचं म्हणून विचारून गेला. बाबल्याने होडीच्या टोकाला मुंडावळ्या बांधायची तयारी दाखवली. पोरं टाळ्या पिटत होती. बाबा खाली मान घालून बुडाला डांबर फासत राहिले आणि एकालाही उत्तर दिलं नाही. मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त भीती वाटली. हा रंग फसला असता तर बाबांना सात बंदरांत तोंड दाखवायला जागा राहिली नसती, आणि तो शब्द मी त्यांना द्यायला लावला होता.

पुनवेला दुपारी पूजा झाली. सोनेरी कागद लावलेला नारळ दर्याला दिला, आणि रिवाजाप्रमाणे सातही होड्या समोरच्या बेटाला वळसा घालून यायला निघाल्या. निघताना आमची होडी सगळ्यांत मागे. खडपावर बायका नव्या लुगड्यांत उभ्या होत्या. बेटामागे शेवटची होडी दिसेनाशी झाली, आणि तेवढ्यात वरून सर आली.

श्रावणातली सर म्हणजे येते आणि जाते, तिला कोणी घाबरत नाही. पण ती सर थांबली. पाण्याचा आणि आभाळाचा एकच रंग झाला, बेट गेलं, मग बेटाच्या अलीकडचा खडक गेला. बायकांची बडबड हळूहळू बंद झाली. लाट वाढली होती, आणि बेटाच्या पश्चिमेला पाण्याखालचे खडक आहेत हे तिथली प्रत्येकजण जाणून होती. मी काशीबायच्या शेजारी उभी होते. तिचे डोळे वाडीत सगळ्यांत तीक्ष्ण, दहातल्या नऊ वेळा तीच ओरडायची. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती डोळ्यांवर हात धरून बघत होती आणि मान हलवत होती. पिवळी नाही. तांबडी नाही. काहीच नाही.

“गुलाबी इली.”

आवाज मागून आला. मी वळले. सगळ्याच वळल्या, कारण तो आवाज त्या खडपावर कोणी कधी ऐकला नव्हता. आई उभी होती. लुगडं भिजून अंगाला चिकटलेलं, रिकामी टोपली कंबरेवर आणि उजवा हात सरळ समोर केलेला.

काशीबाय म्हणाली, खंय. आईने नुसतं बोट दाखवलं. आम्ही सगळ्या त्या बोटाच्या रेषेत बघायला लागलो, आणि राखाडीत राखाडी मिसळलेल्या त्या पाण्यावर एक गुलाबी ठिपका वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. बाबा सगळ्यांच्या पुढे होते. त्यांच्या मागून एकेक होडी पावसातून बाहेर पडायला लागली. नंतर कळलं की सरीत दिशा चुकून बाकीच्या होड्या थबकल्या, मागून येणारे बाबा पुढे निघाले आणि पोरांनी चक्क त्या गुलाबीचा माग धरला. त्या क्षणी मात्र कोणाला काही विचारायची शुद्ध नव्हती. काशीबायने हिरवी सांगितली, मग पिवळी, तांबडी, आणि खडपावर एकच गलका झाला. कोणी आईच्या पाठीवर थाप मारली, कोणी गुलाबीचं कौतुक केलं, कोणी मला चिमटा काढला.

आई खाली वाळूवर गेली नाही. जिथे उभी होती तिथेच बसली. मी जवळ जाऊन बसले, तर ती रडत होती. मी तिला म्हटलं, बघ, आले ना बाबा, आता कशाला रडतेस.

“बावीस वर्सां झाली माका ह्या घरात येवन,” ती म्हणाली. “आपली होडी मिया एकदाव वळखूक नाय.”

मी मधली टोपली बाजूला सरकवली.

“काशीबायचे डोळे घारीचे. माझे तसे नायत. निळ्यात निळी, माका ती खय दिसतली? दुसरी कोणतरी ‘निळी इली’ म्हणा, मगे मिया टोपली उचलय. रोज. कोण म्हणाक नाय तर बसान रवय.”

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस.

“कोणाक सांगू? तांडेलाची बायल, आणि आपल्या घोवाची होडी वळखाक येणा नाय, असां हयसर उभी रवान सांगू?” तिने पदराने तोंड पुसलं, पण पदर ओलाच होता. “फाल्गुनात दोन दिस मिया ह्या खडपार बसलंय. तो माझ्या समोरसून व्हावान गेलो असतो, तरी माका कळला नसता.”

खाली बाबा होडी वाळूवर ओढत होते आणि खवळ्यांचा म्हातारा त्यांच्याशी काहीतरी बोलत होता, बहुतेक लग्नाबद्दलच. आई उठली, टोपली कंबरेवर घेतली आणि खाली गेली. बाबांना तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. ती काही बोलली, आणि बाबांनी हातातला दोर सोडून दिला, एवढं मी वरून बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून आई संध्याकाळी सगळ्यांच्या आधी खडपावर जाऊन बसायला लागली. ऊन असो की पाऊस, काशीबाय येण्याआधीच तिने आपली जागा धरलेली असायची. आणि गुलाबीचं नाव ती दुसऱ्या कोणालाही घेऊ देत नसे.